‘औषधा’चा अभ्यास करायला आमच्याच गावातली पोरं पाहिजेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरची करिअर पुरवणी आली होती ना, बारावीनंतर काय, बीएस्सीनंतर काय, ती माझ्या भावानं फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पानभर कोर्सेस होते. मी दोनदा वाचली कारण एक शब्द शोधत होते, टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषशास्त्र, तो कुठेच नव्हता. तक्रार करायला लिहित नाहीये. पण माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात आहे, तुमचा पेपर आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज येतो आणि तो वाचणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात वर्षातले तीनचार महिने विष हाताळलं जातं, आणि त्याच घरातल्या मुलामुलींना हे माहीत नाही की विषाचा अभ्यास करता येतो, त्यात पीएचडी होते, नोकऱ्या आहेत. मी सध्या टॉक्सिकॉलॉजीत पीएचडी करतेय, चौथं वर्ष सुरू आहे. मी इथपर्यंत कशी आले ते सांगते म्हणजे पुढच्या पोरीला माझ्याइतकं चाचपडायला लागू नये. पत्र लांब होणार आहे, जागा नसेल तर कापा, फक्त शेवटचा रक्ततपासणीचा भाग कापू नका एवढी विनंती.

आमच्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध मारलं, कृषी केंद्रातून औषध उधारीवर आणलं. आणि गावात कोणी जीव दिला तर त्यानं औषध घेतलं. ताप आल्यावर आई जी गोळी देते तेही औषधच. लहानपणी मला हे कधी खटकलं नाही. आता रोज खटकतं, कारण डब्यावर कवटीचं चित्र असलं तरी तोंडात शब्द औषध असला की हात आपोआप सैल पडतो, त्याच हातानं बिडी पेटवली जाते, डबा सोडून भाकर खाल्ली जाते.

२०१७ साली मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, झूऑलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी फवारणी करणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात यायला लागली, शेकड्यांनी भरती झाली आणि जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी त्या साली डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळी आणि रसशोषक किडी आटोक्यात येत नव्हत्या, त्यामुळे दोन-दोन तीन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारणं चालू होतं. उभ्या माणसाच्या कमरेएवढ्या झाडावर फवारणं वेगळं आणि डोक्यावरच्या झाडात शिरून वर तोंड करून फवारणं वेगळं, सगळा तुषार अंगावरच येतो.

माझे काका रोजीनं फवारायला जायचे. एका संध्याकाळी आले ते धुऱ्यावरूनच डुलत आले, म्हणाले डोळ्यापुढं धुकं धुकं दिसते. आम्ही लिंबूपाणी दिलं. "काही नाही झालं वं, उन्हानं गरगरते," म्हणाले आणि त्याच ओल्या शर्टावर बाजेवर आडवे झाले. मी तिथेच होते, केमिस्ट्री शिकलेली, आणि मला एवढंही सुचलं नाही की आधी तो शर्ट काढून साबणानं अंग धुवायला हवं. पहाटे तोंडातून लाळ, घामानं अंथरूण भिजलेलं, छातीत खरखर. दवाखान्यात नेलं तर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं टॉर्च मारून बाहुल्या बघितल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि विचारलं, कोणतं औषध मारलं? कोणालाच सांगता येईना. मी परत गावाला आले, वावराच्या धुऱ्यावर आणि नाल्यात रिकाम्या बाटल्या शोधल्या, खताच्या थैलीत भरून परत दवाखान्यात नेल्या. एकीवर लिहिलेलं होतं प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के, दुसरीवर आणखी एक कीटकनाशक. डॉक्टरनं वाचलं आणि खरं तेच सांगितलं की ऑर्गेनोफॉस्फेटवर (प्रोफेनोफॉस त्याच गटातलं) काय करायचं ते मला माहीत आहे, अ‍ॅट्रोपिन चालू आहे, पण हे सगळं एकत्र पोटात-छातीत गेल्यावर नेमकं काय होतं ते मला सांगता येणार नाही.

काका पंधरा दिवसांनी घरी आले. शेजारच्या खाटेवरचा माणूस आला नाही. त्यानंतर नोव्हेंबरात राज्य सरकारनं पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली, त्यात हे प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रणसुद्धा होतं.

त्या डॉक्टरचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. एकत्र गेल्यावर काय होतं ते कोण सांगणार मग? कॉलेजमध्ये झूऑलॉजीच्या मॅडमना विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून टॉक्सिकॉलॉजी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, विष शरीरात कसं जातं, कुठं जातं, काय बिघडवतं, किती मात्रेला बिघडवतं आणि बाहेर कसं पडतं याचा अभ्यास. आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये अगदतंत्र म्हणून विषाचं एक अख्खं अंग आहे, म्हणजे आपल्याकडे हा विषय नवीन नाही, फक्त तो गावातल्या कॉलेजपर्यंत पोहोचला नाही.

आता थोडं विज्ञान सांगते, कारण याच्यापायी मी हा रस्ता धरला. आपल्या दोन नसांच्या मधल्या फटीत, किंवा नस आणि स्नायू यांच्या मधे, निरोप पोचवायला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं. निरोप पोचला की ते लगेच पुसावं लागतं, नाहीतर स्नायूला हुकूम मिळतच राहतो. पुसायचं काम करतं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम, इतकं चपळ की एक एन्झाइम एका सेकंदात हजारो रेणू तोडतं. ऑर्गेनोफॉस्फेट औषध या एन्झाइमच्या कुलपात जाऊन अडकतं, किल्ली आत तुटावी तसं. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं, लाळ, घाम, डोळ्याला पाणी, बाहुल्या बारीक, छातीत पाणी, स्नायू थडथड उडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अ‍ॅट्रोपिन लाळ-पाणी आटवतं, छाती मोकळी करतं, पण कुलूप काही उघडत नाही. (हे अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातसुद्धा असतं, आपण महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात, आणि धोतरा खाऊन विषबाधा झालेलं मूल आणलं तर उपचार अगदी उलट्या बाजूनं करावे लागतात, हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप नव्हती लागली.) कुलूप उघडायला पॅम नावाचं दुसरं औषध आहे, पण उशीर झाला की विषाची पकड पक्की होते आणि मग तेही चालत नाही, शरीराला नवीन एन्झाइम बनवायची वाट बघावी लागते. लाल रक्तपेशीत हेच एन्झाइम असतं आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे एकदा खाली गेलेली पातळी पूर्ण वर यायला तीनचार महिने लागू शकतात. काका बरे होऊन आले आणि लगेच परत फवारायला गेले असते तर? गावात बाकीचे गेलेच.

आणि मिश्रणाचं उत्तर मला एमएस्सीत सापडलं. सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड, शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात किडे मारणारं रसायन असतं त्याच्यावरून बनवलेलं. नसेत सोडियम ज्या दारातून आत येतं त्या दारावर ते बसतं आणि दार मिटू देत नाही. किड्याला ते भारी पडतं पण माणसाच्या शरीरात कार्बोक्झिलएस्टरेज नावाची एन्झाइम्स त्याला बऱ्यापैकी लवकर तोडून टाकतात. आता प्रोफेनोफॉस काय करतं, तर हीच तोडणारी एन्झाइम्स अडवतं. किड्यांना सायपरमेथ्रिन पचायला लागलं म्हणूनच तर दोन्ही एकत्र विकतात, किड्याची पचवायची ताकद मोडायला. पण ती ताकद किड्याची मोडते तशी माणसाचीही मोडते. म्हणजे एक आणि एक दोन होईलच असं नाही, जास्तही होऊ शकतं, किती जास्त ते मात्रेवर आणि कातडीतून किती गेलं त्यावर. माझी पीएचडी याच प्रश्नावर आहे.

इथपर्यंत यायला मात्र वेळ लागला. बीएस्सीनंतर जवळपास कुठेच टॉक्सिकॉलॉजीची एमएस्सी नव्हती, मी झूऑलॉजीत एमएस्सी केली आणि बायोकेमिस्ट्री स्वतः वाचली. नेट, म्हणजे फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा, दोनदा गेली. लाइफ सायन्सचा पेपर २०० मार्कांचा, त्यातले १०० पार्ट सीचे, आणि पार्ट सी पाठांतरानं सुटत नाही, प्रयोगाचा निकाल देऊन विचारतात की याचा अर्थ काय, आणि आम्ही तर कॉलेजमध्ये बहुतेक प्रयोग फळ्यावरच केलेले. तिसऱ्या वेळी जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली. लोकांना वाटतं पीएचडी म्हणजे घरचे पैसे घालून शिकणं, तसं नसतं, जेआरएफला आता महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाली की ४२,०००, वर घरभाडं. आमच्या घरात पहिल्यांदा एवढा महिन्याचा पगार माझा आला. आला खरा पण माझा पहिला हप्ता कागदपत्रं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात कित्येक महिने अडकला होता आणि तेवढे दिवस मी मैत्रिणीच्या खोलीवर राहिले, डबा उधारीवर. कोणाचं नाव घेत नाही. पण गरीब घरची मुलगी याच काळात सोडून घरी जाते, मी दोघींना जाताना बघितलं, आणि दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या.

लॅबमध्ये आल्यावर पहिले सहा महिने मला फक्त लिहायला शिकवलं. हसू नका, खरंच. टॉक्सिकॉलॉजीत जी आकडेवारी सरकारपुढे जाते ती जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) नियमांनी जाते, म्हणजे वहीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, तारीख, सही, कारण. प्राण्याचं वजन कोणी घेतलं, काट्याची तपासणी कधी झाली, खोलीचं तापमान किती होतं, सगळं. सुरुवातीला मला हे कारकुनी काम वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की डब्यावरचा तो रंगीत त्रिकोण अशाच एका वहीतून आलेला असतो.

त्रिकोणाबद्दल तर गावागावात सांगायला पाहिजे. लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे उंदराच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पोटात गेलं तरी निम्मे उंदीर मरतात. पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्याही वर. आमच्याकडे निळा-हिरवा दिसला की लोक म्हणतात हे साधं आहे. पण तो आकडा त्या एका डब्याचा आहे, एका वेळेच्या मात्रेचा आहे. पंपात तीन डबे ओतल्यावर तयार होणाऱ्या चौथ्या औषधाचा त्रिकोण कुठल्याच डब्यावर नसतो. आणि फवारणाऱ्या माणसाच्या अंगात जास्त विष सहसा कातडीतून जातं, नाकातोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालं असं नाही, पाठीवर गळणारा पंप, ओला शर्ट, घामानं उघडलेली कातडी यांचं काय? किट घाला म्हणून पोस्टर लावतात, पण ढगाळ दमट हवेत ते प्लास्टिकचं किट घालून अर्धा तास चालून बघावं म्हणजे कळेल की मजूर ते का काढतो. आपल्या हवामानात घालता येईल असं कापड शोधणं हाही संशोधनाचाच विषय आहे, आणि त्यालाही माणसं हवीत. आणखी एक, बायकांचं कोणी मोजतच नाही. पाणी भरून देणं, औषध कालवून देणं, संध्याकाळी ते कपडे हातानं धुणं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला जाणं हे सगळं बायका करतात, माझी आई करते, पण फवारणी करणाऱ्यांची यादी झाली की त्यात तिचं नाव नसतं.

माझं रोजचं काम झेब्राफिशच्या अंड्यांवर आहे. बोटाच्या पेराएवढा पट्टेरी मासा, मूळचा आपल्याच भागातल्या नद्यानाल्यांतला, आणि आज जगभरच्या लॅबमध्ये आहे. सकाळी लाइट लागला की मादी अंडी टाकते, म्हणून मी त्याच्या आधी हजर असते, आणि अंडी गोळा करायला आम्ही साधी चहाची गाळणी वापरतो. अंड्याचं कवच पारदर्शक, गर्भही पारदर्शक. चोवीस तासांच्या आसपास मायक्रोस्कोपखाली तो शेपटी वळवताना दिसतो, लगेच हृदयही धडधडताना दिसतं. औषधाच्या वेगवेगळ्या मात्रेत ९६ तास ठेवून बघायचं की शेपटीचं वळणं वाढलं की थांबलं, हृदय मंदावलं का, पाठीचा कणा वाकडा झाला का. एकेकटं औषध, मग दोन्ही मिळून. माझे आकडे अजून छापून आलेले नाहीत म्हणून इथे देत नाही, पण ज्या दिवशी मिश्रणाच्या डिशमध्ये पहिल्यांदा फरक दिसला त्या दिवशी मला ती खताची थैली आठवली.

सगळंच माशांवर भागत नाही, उंदरांवरही काम करावं लागतं आणि ते सोपं नाही. आमचं घर माळकरी. दिवाळीला घरी गेले तर आजीनं समोर बसवून विचारलं, "तू उंदरं मारतं म्हनते तुही माय, खरं हाय काय वं?" मी खोटं बोलले नाही. सांगितलं की आधी एका औषधाचा आकडा काढायला चाळीस-पन्नास जनावरं लागायची, आता नवीन पद्धतीत एका टप्प्याला तीन लागतात, प्रत्येक प्रयोगाला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि जिथे पेशींवर किंवा माशाच्या अंड्यावर भागतं तिथे उंदीर घ्यायचाच नाही असा नियम आहे. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लागन तेवढेच घेजो. उगाच नोको मारू." रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी जी तीन तत्त्वं मांडली त्यातलं दुसरं हेच आहे, कमीत कमी. मी आजही जनावराला हात लावायच्या आधी क्षणभर थांबते. या क्षेत्रात येणाऱ्या मुलांनी हे आधीच माहीत करून घ्यावं, ज्यांना ते अजिबात जमणार नाही त्यांच्यासाठी पेशींवरचं काम, कॉम्प्युटरवरचं काम, पाण्या-मातीतल्या विषाचं मोजमाप असे बरेच रस्ते आहेत.

कोणी म्हणेल हे मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबचं काम, आपण गावाकडचे काय करणार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेईन मी अशा वेळी. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेला माणूस, कोकणात सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी, लाल विंचू चावून पोरं मरत होती आणि त्यावर धड उपचार कोणाकडेच नव्हता. ते रात्ररात्र पेशंटच्या उशाशी बसले, नाडी, ब्लड प्रेशर, हातपाय गार पडणं, सगळं लिहून ठेवलं, विंचवाचं विष हृदयावर काय करतं ते ओळखलं आणि ब्लड प्रेशरवरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून माणसं वाचवली. १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं निरीक्षण छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री. त्यांची लॅब म्हणजे त्या खाटाच होत्या. आणि गिधाडांचं घ्या. गाईम्हशींना दुखण्यावर द्यायचे ते डायक्लोफेनॅक, जनावराला काही होत नाही, पण त्याचं मढं खाल्लेल्या गिधाडाची किडनी बंद पडते. २००४ मध्ये हे सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक आपल्याकडे बंद झालं, तोवर आकाश रिकामं झालेलं. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष हे आपण बोलण्यात सहज म्हणतो, इथे कोणीतरी मेलेलं गिधाड उघडून ते दाखवावं लागलं. आमच्या विदर्भातच लाखोळीच्या डाळीचा प्रश्न आहे (रोज फार खाल्ली की पाय लुळे पडतात), फ्लोराइडच्या पाण्यानं पिवळे पडलेले दात आहेत. विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

कुठे शिकायचं ते थोडक्यात सांगते. लखनौला भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था आहे, १९६५ पासून, तिथे थेट पीएचडी करता येते. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, कामगारांच्या विषबाधेवर त्यांचं काम आहे. दिल्लीत जामिया हमदर्दमध्ये टॉक्सिकॉलॉजीची एमएस्सी आहे. बी.फार्म. केलेल्यांनी जीपॅट ही फार्मसीची परीक्षा देऊन नायपर ही राष्ट्रीय औषधनिर्माण संस्था बघावी. व्हेटर्नरीवाल्यांना तर नागपूर, परळ इथेच फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजीचा विभाग आहे. कोर्टाच्या बाजूला आवड असेल तर फॉरेन्सिक, व्हिसेरा तपासणारी माणसं सरकारला लागतातच. जेआरएफ नाही मिळाली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघा. बीएस्सीला केमिस्ट्री सोडू नका एवढंच हात जोडून सांगते, आमच्याकडे मुली अवघड म्हणून सोडतात आणि मग हे दार बंद होतं. आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. १९६१ मध्ये एलमन नावाच्या शास्त्रज्ञानं कोलिनएस्टरेज, म्हणजे वर सांगितलेलं तेच एन्झाइम, मोजायची एक पद्धत काढली. रक्ताच्या थेंबात दोन रसायनं घालायची, एन्झाइम जिवंत असेल तर द्रव पिवळा होतो, जितकं जास्त एन्झाइम तितका लवकर पिवळा. पिवळेपणा मोजायला जो कलरीमीटर लागतो तो आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कपाटात झाकून ठेवलेला असतो. अडचण अशी की प्रत्येक माणसाची मूळ पातळी वेगवेगळी असते, त्यामुळे माणूस आजारी पडल्यावर एकदा मोजून फारसं कळत नाही, हंगामाच्या आधी त्याची स्वतःची पातळी मोजून ठेवावी लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७४ पासून हे करतात. फवारणीआधी रक्त, हंगामात परत रक्त, पातळी मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की काम कसं चाललंय ते तपासायचं, लाल पेशींमधली ७० टक्क्यांवर आली की त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरं काम द्यायचं, पातळी वर येईपर्यंत. चक्कर येण्याच्या आधीच कळतं. आपल्याकडेही कारखान्यात या औषधांबरोबर काम करणाऱ्यांचं रक्त तपासावं असं कीटकनाशक नियमांत आहे. रोजीनं पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचं कोण तपासतं? त्याला तर मालकही रोज बदलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जूनमध्ये, पेरण्यांच्या आसपास, फवारणीवर जाणाऱ्या प्रत्येकाची आणि त्या घरातल्या बाईचीही मूळ पातळी ग्रामीण रुग्णालयात मोजून एका कार्डावर लिहून द्यावी. कार्ड खिशात. सप्टेंबरात माणूस डुलत आला तर डॉक्टरला त्या कार्डावरून कळेल, कोणाला नाल्यात बाटल्या शोधत फिरावं लागणार नाही. आणि हे करायला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक तरी टॉक्सिकॉलॉजी शिकलेला माणूस बसवावा, जो फोनवर डॉक्टरला सांगू शकेल की हे मिश्रण असं आहे, याच्यावर असं करा. रक्त काढण्याचं काम नर्स करतील, मोजायचं काम बीएस्सीची मुलं दोन दिवसांत शिकतात, मी स्वतः शिकवायला तयार आहे, सुट्टी टाकून येईन.

मी एथिक्स कमिटीकडे अर्ज दिला आहे, आमचं गाव आणि शेजारची दोन गावं मिळून एक लहानसा अभ्यास करायचा, हंगामाआधी एकदा आणि फवारणी चालू असताना दोनदा. माणसांचं रक्त घ्यायचं म्हणजे परवानगीशिवाय एक थेंबही घेता येत नाही आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे यंदाचा जून हुकण्याची भीती आहे. राळेगाव, कळंब, बाभुळगाव या बाजूच्या कॉलेजातली केमिस्ट्री किंवा झूऑलॉजीची मुलंमुली यात यायला तयार असतील तर त्यांनी तुमच्या कार्यालयाकडे नाव द्यावं, माझा फोन नंबर मी तुमच्याकडे वेगळा पाठवला आहे, छापू नका, विचारणाऱ्याला द्या. काकांना परवा फोनवर हे सगळं सांगितलं. ते आता फवारत नाहीत, डाव्या हाताला अजून मुंग्या येतात, पण म्हणाले, "पयलं रगत माह्यंच घेजो, मंग बाकीचे येतीन."

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी
ता. राळेगाव, जि. यवतमाळ